मूग गिळून बसलेला सेन्सर

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिजन सेन्सर आहे. नाव ऐकून बिचकू नका. मी तुमच्या अंगठ्याएवढा आहे. माझ्या एका टोकाला शेपटीसारखी तार आहे आणि दुसऱ्या टोकाला चिनी मातीसारखं पांढरं बोंड. मोटारीच्या पोटाखालून धुराची जी नळी जाते, तिच्यात मी नाक खुपसून बसतो. धुरात प्राणवायू किती उरला आहे हे हुंगायचं आणि गाडीच्या कंप्युटरला कळवायचं, एवढंच माझं काम. काही बिनसलं तर माझ्या सांगण्यावरून चालकासमोर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागतो.

इतर वस्तू आपली कहाणी सांगताना आपल्यावर झालेल्या अन्यायाचं रडगाणं गातात. मला तसं करता येणार नाही. माझी फारशी आबाळ झाली नाही. उलट, ज्या दिवसांत मी सगळ्यात वाईट वागलो, नेमक्या त्याच दिवसांत माझं कौतुक झालं. ते आठवलं की मला कुठे तोंड लपवू असं होतं. तरी सांगतो, कारण न सांगण्याचे परिणाम मी पाहिले आहेत.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला तीनदा गरम धुरासमोर धरलं. तिन्ही वेळा मी बरोबर उत्तर दिलं, तेव्हा कुठे मला खोक्यात जागा मिळाली. नंतर मला एका निळ्या, बुटक्या, तापट मोटारीत बसवण्यात आलं. शर्यतीच्या जातीची गाडी ती. तिच्या नळीत आम्ही दोघे भाऊ होतो. थोरला इंजिनाजवळ, मी मागे, आणि आमच्या दोघांच्या मधे एक जाडजूड डबा. इंजिनातून आलेला विषारी धूर त्या डब्यातल्या जाळीतून जाताना बराच निवळत असे. डब्यात शिरण्याआधी धूर कसा आहे ते थोरला सांगे आणि बाहेर पडल्यावर कसा झाला ते मी. म्हणजे मी त्या डब्याचा परीक्षकच म्हणा ना.

आमचा पहिला मालक एक निवृत्त पोस्टमास्तर होता. शर्यतीची गाडी घेऊन तो भाजी आणायला जायचा. आठ वर्षांत मला तोंड उघडण्याची एकदाही वेळ आली नाही. मग आमच्या नशिबात समुद्र आला. जपानमध्ये जुनी झालेली गाडी मोम्बासाच्या बंदरात नवी होऊन उतरते. तिथून आम्ही नैरोबीला आलो आणि वाहोमेच्या हाती पडलो.

वाहोमे कवळ्या बनवायचा. त्याचा हात फार नाजूक होता. लोकांच्या तोंडात नीट बसतील असे दात घडवण्यात त्याचा आठवडा जाई, आणि रविवार आला की तो निळी गाडी धुऊन पुसून शहराबाहेर नेई. तिथे एका पेट्रोल पंपामागे अशाच गाड्यांचे मालक जमत. भाजलेलं बकरं खात आणि एकमेकांच्या गाड्यांचा आवाज ऐकत. आवाजावरून गाडीची पत ठरे, आणि गाडीवरून मालकाची. आमच्या गाडीचा आवाज पोस्टमास्तराच्या वेळचाच राहिला होता.

"वाहोमे, ही गाडी आहे का कवळी काढून ठेवलेली म्हातारी?" किनुथिया नावाचा त्याचा मित्र एकदा सगळ्यांदेखत म्हणाला. "काय पुटपुटते ती! जरा दात बसव की तिला. तुझा तर धंदाच आहे."

सगळे खो खो हसले. वाहोमेही हसला. पण घरी येताना त्याने रिकाम्या रस्त्यावर तीनदा उगाच ॲक्सिलरेटर दाबून पाहिला आणि तीनही वेळा त्याचा चेहरा पडला.

पुढच्याच शनिवारी तो आम्हाला किरिन्यागा रोडवर ओमोलो मिस्त्रीकडे घेऊन गेला. तिथे सगळी कामं उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, डोक्यावर ऊन घेऊन चालतात. आमच्या नैरोबीत गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन करून घरी जाणारा माणूस सापडणार नाही. चांगला भाग काढून त्या जागी जुना बसवला जाईल, ही धास्ती. म्हणून वाहोमेने आदल्या दिवशी बायकोचा लाल नखरंग घेऊन गाडीच्या एकूणएक भागावर ठिपके दिले होते. माझ्या अंगावरही एक होता. स्टूल टाकून तो गाडीशेजारी बसला तो सकाळपासून दुपारपर्यंत हलला नाही.

"बॉस, तुम्ही जा, चहा प्या," ओमोलो म्हणाला. "मी काय तुमचं इंजिन खिशात घालून पळतोय?"

"माझ्या चुलतभावाने नवी बॅटरी घातलेली गाडी दिली होती. परत मिळाली तेव्हा बॅटरी त्याच्यापेक्षा म्हातारी होती."

"तो मिस्त्री दुसरा, बॉस."

"सगळे मिस्त्री दुसरेच असतात," वाहोमे म्हणाला आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.

ओमोलोने नळी कापली आणि आमच्या दोघा भावांमधला डबा काढून टाकला. त्या डब्यातल्या जाळीत महागाचा धातू असतो. तो विकत घेणारे लोक त्या रस्त्यावर घिरट्या घालत असतात. वाहोमेने डबा आपल्या हाताने त्यांच्यातल्या एकाला देऊन टाकला. इतका वेळ डोळ्यांत तेल घालून त्याने एकेक ठिपका राखला होता, आणि गाडीतली सगळ्यात उपयोगाची वस्तू स्वतःच काढून दिली. डब्याच्या जागी सरळ, रुंद नळी वेल्ड झाली. गाडी सुरू केली तेव्हा पलीकडच्या टपरीतले लोक कप हातात घेऊन बाहेर आले.

इकडे माझ्या नाकावर न निवळलेला धूर आदळला. मी तडक कंप्युटरला कळवलं, की डबा काम करत नाही. पिवळा दिवा लागला. वाहोमेने एका यंत्राने तो पुसून टाकला. दोन दिवसांनी मी पुन्हा लावला. त्याने पुन्हा पुसला, मी पुन्हा लावला. शेवटी कंटाळून त्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. पट्टीखाली दिवा जळत राहिला आणि मी सांगत राहिलो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मी मान वर करून सांगू शकतो.

त्याच सुमारास वाहोमेची आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आली. तिचं नाव गाथोनी. आमच्याकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात, त्यामुळे वाहोमेची पाच वर्षांची लेकही गाथोनीच. म्हातारीला घरात सगळे शोशो, म्हणजे आजी, म्हणत. आणि वाहोमे आपल्या एवढ्याशा लेकीला लाडात आला की 'आई' म्हणे. मग ती चिमुरडी कमरेवर हात ठेवून त्याला रागावे, आणि शोशो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे. त्या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. झोपायचंसुद्धा पोरीला शोशोच्याच मांडीवर.

डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी शोशो पुढच्या सीटवर बसून घरी निघाली. बऱ्याच वर्षांनी तिला स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे तिने गाडीतली धूळसुद्धा सोडली नाही. बघता बघता तिचं बोट त्या काळ्या पट्टीवर आलं.

"हे काय रे चिकटवलंयस?" असं म्हणत तिने नखाने पट्टी सोलली. खाली पिवळा दिवा.

"काही नाही आई. तो दिवा उगाच लागतो. खोटा आहे."

"दिवे खोटे नसतात. माणसं असतात. बावीस वर्षं मी चहाच्या कारखान्यात काढली. सुकवणीच्या यंत्रावर दिवा लागला की आम्ही पट्टा थांबवायचो. साहेबाने आरडाओरडा केला तरी थांबवायचो."

"अगं, हे काय चहाचं यंत्र आहे?"

"म्हणूनच सांगते. चहाच्या यंत्रात माझी नात बसत नव्हती." शोशोने पट्टीची गोळी करून त्याच्या हातात ठेवली. "हा दिवा विझेपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही आणि माझ्या नावाची पोरही ठेवणार नाही. ख्रिसमसला मी मटाटूमधे चेंगरत गावी जाईन, पण हिच्यात नाही."

हे वाहोमेच्या फार जिव्हारी लागलं. ख्रिसमसला शहरातून कोण कशातून गावी आलं, हे आमच्याकडे वर्षभर बोललं जातं. निळी गाडी दारात असताना आई मटाटूतून, म्हणजे खचाखच भरलेल्या भाड्याच्या व्हॅनमधून, उतरली, तर गावाला हसायला निमित्तच मिळालं असतं. शिवाय त्याला आईला खरोखरच आरामात न्यायचं होतं. तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट असता तर मला एवढी लाज वाटली नसती.

तो पुन्हा ओमोलोकडे गेला.

"दोन रस्ते आहेत," ओमोलो म्हणाला. "नवा डबा बसवू. दिवा आपोआप विझेल, पण तुमचा आवाज बसेल. नाहीतर या सेन्सरलाच जरा लांब बसवू."

"लांब म्हणजे?"

"नळीवर एक पोकळ लांबडा नट वेल्ड करतो. त्याच्या टोकाला हा बसेल. धूर खालून निघून जाईल, याच्या नाकापर्यंत चिमूटभरच येईल. याला वाटेल सगळं आलबेल आहे."

"चालतं हे?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बॉस. निम्म्या नैरोबीत चालतं. फक्त एक सांगून ठेवतो. उद्या खरंच काही बिघडलं, तरी हा बोलायचा नाही."

"बरंच झालं की," वाहोमे हसला. "घरात एक बोलणारी आहे, तेवढी पुरे."

असा मी धुरातून उचलला जाऊन एका अरुंद, अंधाऱ्या कोनाड्यात जाऊन बसलो. पहिले काही दिवस मला गुदमरल्यासारखं झालं. पण खरं सांगू? नंतर मला ते आवडायला लागलं. आधी मी दिवसभर धगीत भाजत होतो, तोंडावर काजळी येत होती. इथे गारवा होता. ना धग, ना घाण. नाकाशी जो चिमूटभर धूर येई तो दमलेला, मवाळ असे. मी कंप्युटरला कळवत राहिलो, सगळं ठीक आहे. पिवळा दिवा विझला तो विझलाच.

वाहोमेने शोशोला मुद्दाम गाडीत बसवून दाखवलं. तिने नवा डोळा बारीक करून सगळे दिवे तपासले आणि समाधानाने गाडीवर हात फिरवला.

"आता कसं! आईचं ऐकलंस ना?" ती म्हणाली. "शहाणी गाडी आहे रे. सांगितलं की ऐकते."

ते कौतुक माझ्या वाट्याचं होतं आणि मला ते गोड लागलं. ती माऊली ज्या विझलेल्या दिव्यावर विसंबली, तो मीच विझवून ठेवला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी नळीला तडा गेला. वाहोमेने गाडी दिसायला झोकदार व्हावी म्हणून आणखी खाली बसवली होती. आमच्या रस्त्यांवर पावलापावलावर गतिरोधक. प्रत्येकावर नळी खरवडून निघे. एके दिवशी मागच्या सीटच्या खाली, माझ्या जरा पुढे, वेल्डिंग उकललं. त्याच्या वरच गाडीच्या तळाला एक भोक होतं. मोठ्या स्पीकरची तार ओढण्यासाठी वाहोमेने ते पाडून घेतलं होतं, आणि त्याचं रबरी बूच कधीच गळून पडलं होतं. नळीतून निसटलेला धूर त्या भोकातून आत जायला लागला. त्या धुरातल्या सगळ्यात वाईट वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाला तो कळत नाही, फक्त झोप येते.

मला चाहूल लागली होती. तड्यातून आत घुसलेली बाहेरची हवा माझ्या कोनाड्यापर्यंत झुळुकीसारखी येई. ही हवा इथे कुठून आली, असा प्रश्न मला पडला होता. दोन-तीनदा मी कंप्युटरपाशी किंचित कुरकुरलोसुद्धा. तेवढ्याने दिवा लागत नाही, ते मला ठाऊक होतं. आणखी नेट लावून पाहायला हवं होतं. मी लावला नाही. म्हटलं, मला या कोनाड्यात ज्यांनी बसवलं त्यांचं ते बघतील. मी मूग गिळून बसलो.

ख्रिसमसच्या दोन दिवस आधी सगळे ओल कालोऊला, वाहोमेच्या गावी, निघाले. वाहोमेची बायको मुम्बी स्वयंपाकाच्या तयारीसाठी आधीच गावी गेली होती. त्यामुळे गाडीत तिघंच होती. वाहोमे पुढे, दोघी गाथोनी मागे. मी गाडीखाली होतो, पण माझी तार आतपर्यंत जात असल्यामुळे मला सगळं कळत होतं.

किमेंडेच्या चढावर धुकं आणि पावसाची भुरभुर लागली. पुढे बटाट्याचा ट्रक उलटला होता आणि गाड्यांची रांग एका जागी ठप्प झाली होती. शोशोने स्वतःच्या हाताने मागच्या काचा गच्च लावल्या.

"पोरीच्या छातीत गार वारा शिरला की न्यूमोनिया झालाच म्हणून समज," ती म्हणाली. "वाहोमे, तुझीही काच घे वर. आणि आतली ऊब चालू ठेव."

वाहोमेने काच वर घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि ट्रक कुठवर हलवला ते बघायला खाली उतरला. तेवढ्यात मागच्या गाड्यांमधली चार-पाच तरुण मंडळी आमच्याभोवती जमली.

"काय गाडी आहे दादा! एकदा वाजवून दाखवा ना."

"अहो, आत म्हातारं माणूस आहे, लेकरू आहे."

"एकदाच! घाटात आवाज कसा घुमेल बघा तरी."

वाहोमेने दार उघडून आत पाय घातला आणि ॲक्सिलरेटर दाबला. घाट दणाणला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग आणखी एकदा. मग आणखी. मी खाली बसून मोजत नव्हतो, पण प्रत्येक वेळी त्या तड्यातून किती धूर वर गेला ते मला जाणवत होतं.

"शोशो, डोकं दुखतंय," आत पोर म्हणाली.

"घाटाची वळणं लागली असतील गं बाळा. ये, नीज माझ्या मांडीवर." शोशोने तिला शालीत गुंडाळलं. तिचंही डोकं ठणकत होतं, पण तिला वाटलं डोळ्याच्या ऑपरेशनमुळे असेल. तिने पोरीच्या केसांतून हात फिरवायला सुरुवात केली. काही वेळाने तो हात थांबला.

मी गप्पच होतो.

रस्त्याच्या कडेला वारुगुरू नावाची एक बाई कोळशाच्या शेगडीवर मक्याची कणसं भाजत होती. गाड्या अडकल्या की तिचा धंदा. दोन कणसं घेऊन ती आमच्या खिडकीशी आली आणि काचेवर टकटक केली. कोणी बघेना. तिने पुन्हा टकटक केली, काचेला कपाळ लावून आत पाहिलं, आणि कणसं चिखलात टाकून दार खेचून उघडलं.

"अहो निळ्या गाडीवाले!" ती किंचाळली. "गाडीत शेगडी ठेवलीय का काय?"

"शेगडी? कसली शेगडी?" ट्रकपाशी गेलेला वाहोमे धावत आला.

"मग अशा कशा झोपल्या या दोघी? मागच्या जुलैच्या थंडीत माझी शेजारीण आणि तिचा नवरा शेगडी आत घेऊन दार लावून निजले. सकाळी अशीच दिसत होती. ओढा बाहेर! बघत काय राहिलात, ओढा!"

तिनेच शोशोच्या काखेत हात घालून तिला ओल्या गवतावर आणलं. गार वारा लागताच शोशोला उलटी झाली आणि तिने डोळे उघडले. पोरीने उघडले नाहीत. वाहोमे तिला छातीशी धरून "आई, ए आई, ऊठ ना गं" असं म्हणत होता. शिट्ट्या मारणारी पोरं टोप्या हातात घेऊन उभी होती. एका मटाटूवाल्याने प्रवासी खाली उतरवले आणि तिघांना घेऊन रस्त्याच्या उलट्या बाजूने दवाखान्याकडे गाडी हाणली. आमच्या गाडीचं इंजिन वारुगुरूने बंद केलं.

पुढचं मला नंतर बोलण्यातून कळलं. पोरीच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला होता. मित्रांनो, प्राणवायू किती आहे ते ओळखणं हेच माझं काम, आणि माझ्या डोक्यावर चार बोटांच्या अंतरावर एका लेकराला तो कमी पडला. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

डॉक्टरांनी विचारलं, धूर आला कुठून? वाहोमे म्हणाला, "कुठून आला कोण जाणे. रस्त्यावर ट्रकच ट्रक होते."

"काचा उघड्या असत्या तर एवढं झालं नसतं," डॉक्टर म्हणाले.

"काचा मी लावल्या," शोशो म्हणाली. "माझ्या हाताने लावल्या."

वाहोमे खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो एकटा गाडी न्यायला आला आणि चारही काचा उघड्या टाकून थंडीत कुडकुडत तिला गावी घेऊन गेला. म्हणजे त्याला समजलं होतं. सगळं समजलं होतं.

ख्रिसमस झाला. बकरं कापलं, पाहुणे आले. जो तो हळहळत होता आणि जो तो एकच बोलत होता. "म्हातारं माणूस, त्याला काय कळणार." "एवढं शेगडीचं माहीत असून काचा लावायच्या?" शोशो सगळं ऐकून घेत होती. मुम्बी तिला एका शब्दाने बोलली नाही, पण पोरीला रात्री आपल्यापाशी घेऊन निजायला लागली. आणि शोशोने स्वतःहून नातीला हात लावणं सोडलं. करून सवरून नामानिराळा राहिलेला वाहोमे अंगणात गाडी पुसत होता. आणि गाडीखाली मी.

वर्ष संपायच्या दिवशी सकाळी पोर शाल ओढत शोशोकडे आली. शोशो ओसरीवर उन्हात बटाटे सोलत होती.

"शोशो, मला मांडीवर घे."

शोशो बाजूला सरकली. "तुझ्या आईकडे जा गं बाळा," ती म्हणाली. "या हातांचा भरवसा नाही आता."

पोर तिथेच रडत उभी राहिली. वाहोमेच्या हातातलं फडकं खाली पडलं. तो पाना घेऊन चिखलात आडवा झाला, गाडीखाली सरपटत आला, आणि मला त्या कोनाड्यातून उपसून बाहेर काढलं. त्या नाजूक हातांनी इतका हिसका दिला की माझी तार तुटली. तसाच चिखलाने माखलेला तो ओसरीवर गेला आणि मला आईच्या तळहातावर ठेवलं.

"काय आहे हे?"

"आई, तो पिवळा दिवा हा लावायचा. मी गाडी दुरुस्त केली नव्हती. याचं तोंड बंद केलं होतं. खाली नळी फुटली होती, ती याला सांगता आली नाही. तुझ्या काचांनी नाही झालं. मी केलं. त्या पोरांसाठी मी वर गाडी वाजवत होतो."

मुम्बी दारात येऊन उभी राहिली होती. शोशोने मला उलटसुलट करून पाहिलं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"आठ."

"आठ दिवस मी माझ्या पोरीला शिवले नाही. तू बघत होतास?"

"हो."

शोशोने त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "आधी जेव जा. मग गाडी मिस्त्रीकडे घेऊन जा. तो डबा बसल्याशिवाय इथे आणू नकोस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "या बिचाऱ्याचा काय दोष? याला बोलूच दिलं नाही."

मित्रांनो, शिवी परवडली असती, पण तो 'बिचारा' मला अजून जाळतो. मला बोलू दिलं नाही हे खरं. पण गप्प राहणं मला आवडलं होतं, ती झुळूक मला लागली होती, हे तिला कोण सांगणार? वाहोमे चिखलात लोळून का होईना, बोलला. मला कसली जीभ आणि कसली लाज, असं तुम्हाला वाटेल. जीभ नसेल, लाज आहे.

गाडीला आता नवा डबा आहे, नवी नळी आहे आणि माझ्या जागी नवा सेन्सर आहे. ती पूर्वीसारखी पुटपुटत चालते म्हणे, आणि किनुथिया पूर्वीसारखा हसतो म्हणे. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. तुमच्यासमोर कुठलाही दिवा लागला, तर तो विझवायच्या आधी तो का लागला ते बघा. आणि तुमच्यातच कोणी माझ्यासारखा हुंगणारा, पाहणारा, जाणणारा असेल, तर त्याला माझं हात जोडून सांगणं आहे. गारव्याच्या कोनाड्यात बसवलं म्हणून गप्प बसू नका रे.

त्या सकाळी शोशोने ओल्या हाताने पोरीला ओढून मांडीवर घेतलं. पोरीने तिची मूठ उघडून मला बाहेर काढलं आणि उन्हात धरून विचारलं, "शोशो, हा काय करतो?"

"हा ना?" शोशो तिच्या केसांवर हनुवटी टेकवून म्हणाली, "हा खरं सांगतो."

आणि मी तेव्हाही गप्पच बसलो.